इंडस्ट्रियल डिझाइनचा प्राध्यापक नेमके काय करतो?

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की इंजिनिअरिंग, मेडिकल आणि सी.ए. या तीन शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. अलीकडे मात्र एखादी मुलगी डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे असे कानावर येते, आणि दांडिया बाजारातल्या तिच्या मावशीपासून मांजलपुरातल्या काकांपर्यंत सगळे काळजीने विचारू लागतात : म्हणजे चित्रकला का? कपड्यांचे का? त्यातच तिने ‘इंडस्ट्रियल डिझाइन’ असे नाव घेतले आणि आपल्याला पुढे याच विषयात शिकवायचे आहे असेही सांगितले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढे काय विचारावे हेच सुचत नाही. गणिताचा प्राध्यापक काय करतो याची ढोबळ कल्पना प्रत्येकाला असते. वस्तूंच्या रचनेचा प्राध्यापक वर्गात काय शिकवतो, संशोधन कशावर करतो आणि आयुष्यभर एखाद्या पलंगाचा किंवा बांबूचा ध्यास का घेतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हा लेख त्यासाठीच आहे. या प्राध्यापकाच्या हातून घडलेल्या वस्तू मोजून त्याचे काम कळत नाही, असे मला वाटते. त्याने कोणता प्रश्न हाती घेतला आणि तो किती वर्षे सोडला नाही, यावरून ते कळते.

आधी विषय समजून घेऊ

सुतार एका घरासाठी एक खुर्ची करतो तेव्हा गिऱ्हाईक समोर उभे असते. पाठ टेकत नाही, हात फार उंच आहेत, असे त्याने म्हटले की सुतार तिथल्या तिथे रंधा मारून दुरुस्ती करतो. तीच खुर्ची कारखान्यात हजारोंच्या संख्येने बनू लागली की हा संवाद तुटतो. साच्यात झालेली चूक प्रत्येक खुर्चीत उतरते, आणि ती कळेपर्यंत माल दुकानात पोहोचलेला असतो. म्हणून बसणाऱ्याशी व्हायचे ते सगळे बोलणे साचा बनवण्याआधी कोणीतरी करून ठेवावे लागते. मोठ्या संख्येने बनणाऱ्या वस्तूचा आकार, तिची हाताळणी, तिचे साहित्य आणि ती बनवण्याची रीत उत्पादनापूर्वी वापरणाऱ्याच्या बाजूने ठरवणे, याला इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात. किटली, पंखा, शिलाई यंत्र, इस्पितळातला पलंग, मेट्रोचा डबा हे सगळे त्यात येते.

जर्मनीतील ‘एईजी’ या विजेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने १९०७ मध्ये पेटर बेहरेन्स यांना कलाविषयक सल्लागार नेमले, तिथून हा व्यवसाय सुरू झाला असे बहुतेक इतिहासकार मानतात. १९३४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि कारखान्यातल्या कामाला विद्यापीठात जागा मिळाली.

भारतातली सुरुवात आपल्या शेजारीच झाली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य देशभर फिरले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो साधा लोटा. मग त्यांनी स्वतःला विचारले, हा लोटा नव्याने रचायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल? त्यांची यादी लांबतच गेली. त्यात किती पाणी मावले पाहिजे? उचलणारा हात केवढा आणि कोणाचा? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठे जातो? आतून घासताना हात पोहोचतो का? पाणी गरम असेल तर धरवतो का? दगडावर ठेवताना आवाज कसा येतो? फुटला-तुटला तर धातूचे किती पैसे परत मिळतील? या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. आजही डिझाइनच्या वर्गात पहिल्या वर्षी जे शिकवतात त्याचा गाभा या प्रश्नांतच आहे.

पण लोटा तर कोणत्याच प्राध्यापकाने घडवला नव्हता

हा आक्षेप रास्त आहे. ईम्स दांपत्यानेही हे नोंदवले होते की लोट्याला कोणी एक कर्ता नाही. अनेक पिढ्यांनी तो थोडाथोडा बदलत नेला. आपली विळीही तशीच तयार झाली असणार. पाते पायाखालच्या पाटाला जखडलेले, दोन्ही हात भाजी धरायला मोकळे, आणि नारळ खवायला टोकाशी खवणी! परंपरेने हे सगळे साधले, कारण तिच्याकडे शेकडो वर्षे होती आणि दर पिढीत चुकीच्या वस्तू आपोआप मागे पडत होत्या.

आज एखादे वैद्यकीय उपकरण बाजारात येते आणि काही वर्षांत त्याची जागा दुसरे घेते. पिढ्यानुपिढ्या घासून गुळगुळीत होण्याइतका वेळ त्याला मिळत नाही. डिझाइनचा प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून पुठ्ठ्याची, थर्मोकोलची, मातीची आणि लाकडाची एकामागून एक कच्ची प्रतिरूपे करून घेतो, ती खऱ्या माणसांच्या हातात देतो, काय अडते ते टिपतो आणि पुन्हा करायला लावतो. पिढ्यांचे काम महिन्यांत बसवण्याची ही रीत आहे. ती परंपरेइतकी खोल जाईलच असे नाही, पण तिच्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही.

तो तिथपर्यंत पोहोचतो कसा?

या विषयाचे प्राध्यापक एका साच्यातून येत नाहीत. कोणी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला असतो, कोणी वास्तुरचना, कोणी ललितकला. अभियंते आणि वास्तुविशारद सहसा ‘सीड’ ही परीक्षा देऊन डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात. बारावीनंतर थेट पदवीला जाणाऱ्यांसाठी आयआयटीची ‘यूसीड’ ही परीक्षा २०१५ पासून होते, आणि एनआयडीची स्वतःची परीक्षा वेगळी आहे. त्यानंतर काही वर्षे कारखान्यात किंवा डिझाइनच्या कार्यालयात काढून मग शिकवण्याकडे वळणे ही जुनी रीत होती. आता पीएच.डी.ला वजन आल्यामुळे काही जण उद्योगाचा फारसा अनुभव न घेताच अध्यापनात येतात, आणि मला हे या विषयाचे नुकसान वाटते. साचा बनवणाऱ्या फिटरशी ज्याने कधी वाद घातलेला नाही, त्याने रेखाटलेली गोलाई सुंदर असली तरी साच्यातून सुटेलच याची खात्री नसते.

एका प्राध्यापकाची वाटचाल पाहिली तर हे चित्र स्पष्ट होते. सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि तिथून जर्मनीतील उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेले. १९५३ ते १९६८ एवढेच आयुष्य लाभलेल्या त्या विद्यालयाने डिझाइनला गणित, मानसशास्त्र आणि उत्पादनशास्त्र यांची जोड दिली होती. परतल्यावर त्यांनी काही काळ एनआयडीत शिकवले. मुंबई आयआयटीत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झाले ते उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे गुवाहाटी आयआयटीच्या डिझाइन विभागाच्या पायाभरणीतही तो होता. एका माणसाच्या कारकिर्दीत दोन संस्था उभ्या राहिल्या. वस्तूवर त्याचे नाव कोरलेले नसते. विद्यार्थी मात्र पुढे शिक्षक होतात आणि ती पद्धत चालत राहते.

वर्गात काय चालते?

इथे फळा-खडूचा भाग थोडा आणि कार्यशाळेचा मोठा असतो. विद्यार्थी काही आठवडे एकाच कामावर असतात आणि प्राध्यापक प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन हातातले काम पाहतो. बडोद्यात संगीताची परंपरा असल्यामुळे हे समजावणे सोपे आहे. गवयाची तालीम जशी चालते तशीच ही चालते. उस्ताद स्वतः पूर्ण राग गाऊन दाखवतात कमी. शिष्य गातो, नेमक्या सुरावर त्याला थांबवतात आणि तीच जागा पुन्हा घ्यायला लावतात. डिझाइनचा शिक्षकही विद्यार्थ्याचे चित्र स्वतः काढून देत नाही. ‘ही मूठ ओल्या हाताने धरून पाहिलीस का?’ एवढेच विचारतो. विद्यार्थ्याने धरून पाहिलेली नसते, आणि मग पुढचे दोन दिवस त्यातच जातात.

शेवटी परीक्षकमंडळासमोर काम मांडावे लागते. त्यात बाहेरचा उद्योजक असतो, कधी खुद्द वापरणाराही. उत्तर बरोबर की चूक असा निकाल इथे क्वचितच लागतो. एक उत्तर दुसऱ्यापेक्षा का बरे, हे पटवून द्यावे लागते. इंजिनिअरिंगची सवय झालेल्या मुलांना सुरुवातीला याचा फार त्रास होतो.

शरीराच्या मापांचा प्रश्न

या प्राध्यापकांच्या आवडीच्या विषयांत एक विषय असा आहे की त्याचा परिणाम आपल्या रोजच्या जगण्यावर सर्वांत थेट होतो, आणि त्याविषयी लोकांना सर्वांत कमी माहिती असते. तो म्हणजे एर्गोनॉमिक्स : माणसाचे शरीर आणि वस्तू यांचा मेळ घालण्याचे शास्त्र. यंत्राची दांडी किती उंचीवर असावी, बसची पायरी किती उंच असावी, स्वयंपाकाचा ओटा किती उंच घ्यावा, हे ठरवायचे तर माणसांची मापे हवीत. कोणाची मापे? भारतात बराच काळ पाश्चात्त्य देशांतले तक्ते वापरले जात. एनआयडीत शिकवणाऱ्या आणि नंतर गुवाहाटी आयआयटीत गेलेल्या देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचा संग्रह केला आणि एनआयडीने तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. आजही भारतातला डिझाइनचा विद्यार्थी खुर्ची करायला बसला की प्रथम हे तक्ते उघडतो.

माप हाती आले तरी ते वापरावे कसे हा वेगळा प्रश्न आहे. सामान्य समज असा की सरासरी काढावी आणि त्याप्रमाणे वस्तू करावी. प्रत्यक्षात सरासरीने बऱ्याचदा घोटाळा होतो. समजा, शंभर स्त्रियांना उंचीच्या क्रमाने ओळीत उभे केले. स्वयंपाकघरातली फळी मधल्या बाईच्या हाताच्या पोचेनुसार लावली, तर ओळीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांना स्टूल घ्यावे लागेल. म्हणून पोहोचण्याच्या वस्तूंसाठी ओळीच्या बुटक्या टोकाजवळचे, साधारण पाचवे माप धरतात. दरवाजाच्या बाबतीत उलटे. तिथे उंच टोकाकडचे, पंचाण्णवावे माप धरावे लागते, नाहीतर उंच माणसांची डोकी आपटतील. आणि खुर्चीसारख्या वस्तूत दोन्ही टोके सांभाळता येत नसतील तर तिला वर-खाली होण्याची सोय द्यावी लागते.

बडोद्याजवळ सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात. अशा डब्यातली धरायची कडी नेमकी किती उंचीवर असावी याचा विचार करून पाहा. बुटक्या प्रवाशाचा हात तिला पोचला पाहिजे आणि उंच प्रवाशाचे कपाळ तिच्यावर आदळता कामा नये. म्हणून काही ठिकाणी कड्या लोंबत्या असतात, काही ठिकाणी उभे खांब असतात, आणि सीटच्या पाठीलाही धरायला जागा असते.

एका प्रश्नाचा ध्यास

ब्रूस आर्चर मूळचे यंत्र अभियंते. उल्ममध्ये वर्षभर शिकवून १९६२ मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आले आणि त्यांच्याकडे इस्पितळातल्या उपकरणांचे काम सोपवण्यात आले. त्यांनी चित्रे काढण्याआधी वॉर्डात काय घडते ते पाहायला सुरुवात केली. औषधे चुकीच्या रुग्णाला जाण्याचा धोका कमी व्हावा म्हणून कुलूप लावता येईल अशी चाकांची औषधगाडी सुचवली. आगीचा धूर अडवणारी दारे कर्मचारी ये-जा सोपी व्हावी म्हणून सतत उघडी ठेवत. त्यावर चुंबकाने उघडी राहणारी आणि आगीची सूचना मिळताच आपोआप मिटणारी दारे हा उपाय निघाला. सर्वांत मोठे काम पलंगाचे होते. रुग्णाला उतरता यावे म्हणून पलंग बुटका हवा, आणि परिचारिकेची पाठ मोडू नये म्हणून तोच उंच हवा. हा पेच सोडवण्यासाठी उंची बदलता येणारा पलंग तयार झाला, खऱ्या वॉर्डात त्याची चाचणी झाली, आणि ‘किंग्ज फंड पलंग’ या नावाने तो ब्रिटनमधल्या इस्पितळांत रूढ झाला. आर्चर पुढे डिझाइन-संशोधनाचे प्राध्यापक झाले. या विषयात संशोधन होऊ शकते, हे जगाला पटवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडचे एम. पी. रंजन एनआयडीत जवळजवळ चार दशके होते. त्यांचा ध्यास बांबूचा. ईशान्य भारतातल्या बांबू आणि वेताच्या कामाचा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आला. टोपली कशी विणतात, गाठ कुठे मारतात, कोणत्या जमातीत ओझे कपाळाच्या पट्ट्याने वाहतात, हे त्यात रेखाटनांसह नोंदले आहे. कारागिराच्या हातातले ज्ञान कागदावर आले म्हणजे दुसऱ्या प्रांतातला विद्यार्थीही ते शिकू शकतो. मला हे काम कोणत्याही नव्या वस्तूइतकेच मोलाचे वाटते.

मुंबईच्या आयडीसीतले ए. जी. राव यांनाही बांबूचा लळा होता, आणि त्याच राव यांनी सहकारी रवी पूवैया यांच्यासह इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचे बाह्य डिझाइन केले. या यंत्राच्या विश्वासार्हतेची चर्चा हा निराळा विषय आहे. इथे फक्त त्याची हाताळणी पाहू. मतदार ते यंत्र काही वर्षांतून एकदाच पाहतो. त्याला कोणी शिकवायला येत नाही, आणि आत तो एकटा असतो. त्याला वाचता येतेच असेही नाही. म्हणून प्रत्येक नावासमोर चिन्ह आणि त्याच ओळीत एक निळे बटण. दाबले की शेजारी लाल दिवा लागतो आणि अधिकाऱ्याच्या टेबलावरून लांब शिट्टीसारखा आवाज येतो. मतदाराचा भाग आणि अधिकाऱ्याचा भाग वेगळे ठेवून तारेने जोडल्यामुळे गुप्तता आणि नियंत्रण दोन्ही साधतात. विजेची सोय नसलेल्या गावातही ते बॅटरीवर चालते. कोट्यवधी माणसांनी हाताळलेली ही वस्तू. तिच्या मागच्या प्राध्यापकांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात.

याच आयडीसीत अक्षरांचा ध्यास घेतलेले र. कृ. जोशी शिकवत होते. मराठी कवितेच्या वाचकांना ते कवी म्हणून परिचित आहेत. संगणकावर मराठी टंकणाऱ्या अनेकांनी वापरलेला ‘मंगल’ हा टंक, म्हणजे अक्षरांचा फाँट, त्यांनी रचलेला.

हे इंजिनिअरचे काम नव्हे का? आणि आता एआय असताना?

पंप पाणी किती उंच चढवेल हे इंजिनिअर ठरवतो. शेतकऱ्याला अंधारात, चिखलाच्या हाताने तो चालू करता येईल का, हे डिझायनर पाहतो. चांगल्या कारखान्यात हे दोघे पहिल्या दिवसापासून एकत्र बसतात. डिझायनरला शेवटी बोलावून ‘जरा रंगरूप द्या’ असे सांगितले की वस्तू महाग होते आणि सुधारत नाही. डिझाइन म्हणजे श्रीमंतांची हौस हा समज तिथूनच पसरला असावा. आर्चर यांचा पलंग सरकारी इस्पितळासाठी होता आणि मतदान यंत्र सर्वांसाठी, हे इथे विसरू नये.

एआय काही मिनिटांत खुर्चीची शंभर चित्रे देते, हे खरे आहे. त्यामुळे चित्रावर भर देणारे शिक्षण अडचणीत येईल, आणि ते यायलाच हवे. वॉर्डात रात्रपाळीला उभे राहून परिचारिका किती वेळा वाकते हे पाहण्याचे काम मात्र तसेच शिल्लक राहते.

बडोद्याचा याच्याशी काय संबंध?

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले तेव्हा चित्रकला, रंगकाम, विणकाम, सुतारकाम आणि यंत्रविद्या एका छपराखाली आणल्या होत्या. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि कापडाच्या रंगाईला शास्त्राचा आधार द्यावा हा त्यांचा ध्यास. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावरचे डांबर काढणारे ते हेच. १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत गज्जर होते, भाईलाल अमीन होते आणि कोटिभास्कर हे मराठी प्राध्यापकही होते. प्राध्यापकाने कारखान्यात जावे ही गोष्ट या शहराला नवी नाही. कलाभवनातून पुढे विद्यापीठाचा तंत्रशास्त्र विभाग वाढला, ललितकला विभाग १९५० मध्ये वेगळा उभा राहिला, आणि एका छपराखालचे दोन संसार झाले. इंडस्ट्रियल डिझाइन नेमके या दोहोंच्या मधल्या जागेत असते, म्हणून मला या विभागणीची हळहळ वाटते.

करण्यासारखे काम आसपास पुष्कळ आहे. संखेड्याचे लेथवर कातलेले, लाखेने रंगवलेले सागवानी झोपाळे आणि खुर्च्या घराघरांत आहेत. रंगावर केवड्याच्या पानाने चकाकी आणण्याची ती कला अजून जिवंत आहे, परंतु खुर्चीची बैठक आजच्या फ्लॅटला आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना सोयीची करण्यासाठी कारागिरासोबत दीर्घकाळ बसणारा माणूस हवा. ते एका प्रकल्पात किंवा एका प्रदर्शनात होणारे काम नाही.

ज्या पालकांना हे क्षेत्र मुलांसाठी तपासायचे आहे, त्यांनी संस्थेची इमारत आणि माहितीपत्रक पाहण्याआधी कार्यशाळा पाहावी. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे की त्याची वस्तू कोणी वापरून पाहिली, त्यानंतर तिच्यात काय बदलले आणि किती प्रतिरूपे मोडीत निघाली. तिथल्या प्राध्यापकांची आवड कशात आहे हेही विचारावे : कोणी शरीरमापांत असेल, कोणी हस्तव्यवसायात, कोणी वैद्यकीय उपकरणांत. यूसीड जानेवारीत होते, म्हणजे बारावीचा निकाल लागेपर्यंत ती होऊन गेलेली असते. अहमदाबाद येथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे, तेव्हा ही चौकशी मूल अकरावीत असतानाच करावी.